उशाशी ताजमहाल

तुम्ही हे वाचत असाल तर बहुधा तुमच्या घरी कुणीतरी जीबीएसने, म्हणजे हातापायांतली ताकद काढून घेणाऱ्या त्या नसांच्या आजाराने, आडवं झालंय. किंवा तुम्ही स्वतःच आडव्या आहात आणि कुणीतरी फोन तोंडासमोर धरून तुम्हाला हे वाचून दाखवतंय. तसं असेल तर आधी त्या माणसाला सांगा, फोन जरा लांब धर. सगळे नाकाला टेकवतात.

मी वैजयंती. वय एकोणपन्नास. नेरूळला राहते आणि पावण्याच्या एमआयडीसीत, इलेक्ट्रॉनिक बोर्ड बनवणाऱ्या एका लहान कारखान्यात, बावीस वर्षं सोल्डरिंगच्या लाइनवर काम करते. तांदळाच्या दाण्याहून लहान तुकडा चिमट्याने उचलायचा, बोर्डावर त्याच्या जागी ठेवायचा आणि तापलेल्या टोकाने सोल्डरचा टाका मारायचा. दिवसाला असे शेकडो. माझे टाके तपासणीला जात नसत, सरळ पुढे जात. हे बढाई म्हणून सांगत नाही, माझं काय पणाला लागलं होतं ते कळावं म्हणून सांगते.

आता मी बरी आहे. पण इथे तुम्हाला 'सकारात्मक राहा' मिळणार नाही. मी तो सगळा काळ चिडलेली होते, आणि त्यातला बराचसा राग अजून शिल्लक आहे. मला वाटायचं, रागावणारा पेशंट बरा होत नाही, असं सगळेच म्हणतात म्हणजे खरं असेल. खरं नाही. तेवढं सांगायला लिहितेय.

कान शाबूत होते

सुरुवात पोटापासून झाली. एका लग्नात जेवले, दोन दिवस पोट बिघडलं, बरं झालं, विसरूनही गेले. मग आठ-दहा दिवसांनी तळपायांना मुंग्या यायला लागल्या. घराजवळच्या डॉक्टरांनी माझ्याकडे नीट न बघताच सांगितलं, "या वयात होतं असं. टेन्शन कमी घ्या." व्हिटॅमिनच्या गोळ्या दिल्या. मी त्या इमानेइतबारे खाल्ल्या, याचा राग मला त्या डॉक्टरांपेक्षा स्वतःचाच जास्त येतो.

तिसऱ्या दिवशी कामावर चिमट्यातून तुकडा निसटला. मग आणखी एक. माझ्या शेजारी बेबीताई बसतात. पावणे गावच्याच, आगरी, आमच्या लाइनवरच्या सगळ्यात जुन्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "वैजू, तुज्या हाताला काय झालाय? सकालपासून चार पाडलंस."

"झोप नाही झाली," मी म्हटलं.

"झोपेचा हात असा नाय पडत," त्या म्हणाल्या.

त्यानंतर दोन दिवसांनी मी बाथरूममध्ये कमोडवरून उठू शकले नाही. पाय होते, पण माझं ऐकत नव्हते. नवऱ्याने, अविनाशने, दार खांद्याने ढकलून उघडलं आणि मला तशीच उचलून वाशीच्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी माझ्या गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. गुडघा ढिम्म हलला नाही. त्यांनी दुसऱ्यावर मारली. मग ते अविनाशला घेऊन पडद्याच्या पलीकडे गेले.

पडदा म्हणजे भिंत नव्हे. मला सगळं ऐकू आलं. आजाराचं नाव, तो पायांकडून वर चढतो, छातीपर्यंत पोचला तर श्वासाला यंत्र लावावं लागेल, आणि शेवटी, "पेशंटला इतक्यात सगळं सांगू नका."

अविनाश आत आला आणि म्हणाला, "काही नाही, थोडा अशक्तपणा आहे."

मी त्याच्या तोंडाकडे बघत राहिले. पाय गेले होते, कान शाबूत होते. तुमच्या घरचं कुणी आजारी असेल तर हे एवढं ऐका. त्याच्या आजाराबद्दल त्याच्या आधी दुसऱ्या कुणाला कळू देऊ नका. आणि कळलंच, तर त्याच्याशी खोटं बोलू नका. तो खोटेपणा पुढे कुठवर जातो, ते मी भोगलंय.

एका श्वासात

आयसीयूत रोज सकाळी एक तरुण डॉक्टर यायची आणि म्हणायची, "मावशी, दीर्घ श्वास घ्या आणि एक, दोन, तीन म्हणत जा. मध्ये श्वास घ्यायचा नाही." पहिल्या दिवशी मी अठ्ठावीसपर्यंत गेले. दुसऱ्या दिवशी एकवीस. तिसऱ्या दिवशी चौदा.

मी तिला विचारलं, "किती झाले की नळी घालता?" तिने मला खरं सांगितलं, दहाच्या खाली गेलं तर. तिचे उपकार मी विसरणार नाही. चौथ्या दिवशी बारा आले. तोवर हात कोपरापासून पुढे गेले होते. बोटं पांघरुणावर पडलेली असायची, दुसऱ्या कुणाची तरी इथे राहून गेल्यासारखी. मला मरणाची भीती वाटली, साधी, सरळ भीती. आणि मी वाचले आणि बोटं तशीच राहिली तर, ही भीती तिच्याहून मोठी होती.

पाच दिवस इंजेक्शनं चालली. सहाव्या दिवशीही बारा, सातव्या दिवशी तेरा. त्या तेराचा मला जो आनंद झाला तो दहावीच्या निकालाचाही झाला नव्हता.

वॉर्डात कामाला एक मावशी होत्या. कुणी सांगितलं नव्हतं, पण रोज ड्यूटी संपताना त्या माझ्या केसांचा गुंता काढून वेणी घालायच्या. "केस विस्कटलेले असले की घरची माणसं उगाच घाबरतात," म्हणायच्या. त्यांचं नाव मी विचारलं नाही, ते चुकलंच.

राजमा आणि छोले

पाच आठवड्यांनी घरी आले. मुलगी बंगळुरूला नोकरीला, ती रजा संपवून परत गेली. म्हणून अविनाशची थोरली बहीण, मीनाताई, नाशिकहून राहायला आल्या. त्यांच्याबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही त्यांच्यावर अन्याय करणार नाही. त्या बाईने तीन-चार महिने मला न्हाऊ घातलं, भरवलं, शौचाचं भांडं दिलं, आणि एकदाही नाक मुरडलं नाही. माझ्या सख्ख्या बहिणी व्हिडिओ कॉलवर रडून गेल्या, बस.

बघायला येणारे मात्र नाकी नऊ आणायचे. काय खाल्लं होतंस, कुणाच्या लग्नात खाल्लं, आमच्या ओळखीत एकाला झालं होतं तो गेला. ही वाक्यं मी मूग गिळून ऐकली, कारण पाठ फिरवायलाही मला दुसऱ्याची मदत लागत होती.

फिजिओथेरपीला शर्वरी नावाची मुलगी यायची. तिने बोटांसाठी एक वाडगा दिला, राजमा आणि छोले मिसळलेला. ते वेगळे करायचे. रोज. बावीस वर्षं मी तांदळाच्या दाण्याहून बारीक काम केलं, आणि आता राजमा उचलला की शर्वरी "व्हेरी गुड" म्हणायची. एके दिवशी मी वाडगा कोपराने ढकलून दिला. छोले सोफ्याखाली गेले. मीनाताई वाकून वेचत बसल्या, आणि मला माझ्या रागाची लाज वाटली, आणि लाजेचाही राग आला.

त्याच आठवड्यात आमच्या साहेबांचा फोन आला. ते म्हणाले, "वैजयंतीताई, दिवाळीनंतर नवीन ऑर्डर सुरू होतेय. तोपर्यंत तुमची खुर्ची मी कुणाला देत नाही. पण बसवताना मला हात बघावा लागेल. तुम्हीच समजून घ्या."

मी समजून घेतलं. माझ्या जागी असते तर मीही हेच म्हटलं असतं. दिवाळीला साडेतीन महिने होते.

बेबीताईंची भेट

बेबीताई रविवारी आल्या. बाकीच्यांनी फळं आणली होती, त्यांनी एक चपटं खोकं आणलं. लाइनवरच्या सगळ्या बायकांनी मिळून मागवलेलं. आत स्टीलचे पातळ पत्रे, प्रत्येकावर बारीक कापलेले सुटे भाग, आणि आकड्यांनी भरलेलं एक पुस्तक. ताजमहाल करायचा. गोंद नाही, सोल्डर नाही. प्रत्येक भागाला पत्र्याच्या इवल्याशा जिभा असतात, त्या समोरच्या फटीत घालायच्या आणि चिमट्याने पिळायच्या.

बेबीताई म्हणाल्या, "दुसऱ्या पन होत्या इमारती, सोप्या. आमी मुद्दाम कठीन घेतली. याच्यात बारीक काम लय हाय."

"मला राजमा उचलता येत नाही, बेबीताई."

"मंग राजमा कशाला उचलतंस? आपला काम राजमा उचलायचा हाय का?"

त्या महिन्यात माझ्याशी कुणीतरी पहिल्यांदा माणसासारखं बोललं. त्या गेल्यावर मी खूप रडले. चांगलं रडले.

शर्वरीने खोकं उलटसुलट करून पाहिलं आणि वाडगा बाजूला ठेवायला परवानगी दिली. पलंगाच्या उशाशी एक टेबल लावलं, वर दिवा. पहिला भाग पत्र्यातून सुटा करायला मला दोन दिवस लागले. पहिल्या मिनाराची नळी पेनाच्या रिफिलभोवती गोल करायची होती. पत्रा बोटातून सुटायचा, परत सपाट व्हायचा. आणि ही जीभ एकदा पिळली की पिळली. उलट फिरवून दुसऱ्यांदा पिळली तर चालते, तिसऱ्यांदा तुटून हातात येते. म्हणून हात लावण्याआधी नीट बघून ठरवायचं. हे मला येत होतं. बोटं विसरली होती, डोळा विसरला नव्हता.

पहिला मिनार अकरा दिवसांत झाला. जरा कलंडला होता. दुसरा सहा दिवसांत. तिसरा आणि चौथा चार-चार दिवसांत आणि सरळ. त्यानंतर मधली मुख्य भिंत, तिच्या कमानी, आणि वरच्या घुमटाच्या पाकळ्या एकेक करून आत वळवायच्या. मी शिव्या घालत काम करायची. मीनाताई देवघरात कानावर हात ठेवायच्या.

एके दिवशी त्या माझ्यासमोर येऊन बसल्या. "वैजू, मी स्पष्ट बोलते, राग मानू नकोस. ती कबर आहे. आजारी माणसाच्या उशाशी कुणी कबर मांडतं का? निदान बाहेरच्या खोलीत ठेव."

"ताई, पत्रा आहे तो."

"पत्र्याची कबर," त्या म्हणाल्या.

तेवढ्यात अविनाश कॉलेजातून आला. तो ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. आमच्या सोसायटीच्या पर्यावरण समितीचा तो अध्यक्ष, गणपतीत निर्माल्याचा कलश ठेवणारा, लिफ्टशेजारी 'खाडीत काहीही टाकू नका' असा फलक लावणारा. बहिणीचं ऐकून तो मोठ्याने हसला. "ताई, कमाल करतेस. पत्र्याच्या खेळण्याने कुणी मरतं का? ते तिचं औषध आहे." माझ्या डोक्यावर हात ठेवून आत गेला. मला तेव्हा त्याचा अभिमान वाटला होता. हे लिहितानाही तोंड कडू होतं.

रिकामं टेबल

ताजमहाल पाऊण झाला आणि मला ताप आला. छातीत कफ भरला. अशक्त फुप्फुसांना होतं असं, डॉक्टर म्हणाले. पुन्हा वाशी, पुन्हा तोच पडदा, पुन्हा एका श्वासात आकडे. पहिल्या सकाळी नऊच झाले. आकडा ऐकताना अविनाश पलंगाच्या पायथ्याशी उभा होता. त्याचा चेहरा मला अजून दिसतो. पण ऑक्सिजनच्या मास्कवर भागलं, नळी घालावी लागली नाही. आठ दिवसांनी घरी आले.

उशाजवळचं टेबल पुसून लख्ख केलेलं. दिवाही नाही.

"माझं काम कुठंय?" मी विचारलं.

"वर ठेवलंय, माळ्यावर," अविनाश म्हणाला. "जरा बरी हो. तुला त्याचा ताण होत होता."

मी ऐकलं, कारण उभं राहायला ताकद नव्हती. चार दिवसांनी मागितलं. तो म्हणाला, आज नको. आणखी तीन दिवसांनी मागितलं. तो म्हणाला, उद्या शिडी आणतो. शर्वरीने पुन्हा वाडगा काढला. दिवाळीला जेमतेम महिना उरलेला, आणि मी पुन्हा राजम्यावर.

शेवटी मीनाताईंनीच सांगितलं. लपवायचं होतं म्हणून नव्हे, तर मला माहीत आहे असं धरून. माझी पाठ चोळता चोळता त्या म्हणाल्या, "बरं झालं अवीने विसर्जन केलं ते. बघ, दुसऱ्याच दिवशी तुझा ताप उतरला."

"कशाचं विसर्जन?"

त्यांचा हात थांबला. "त्याने तुला सांगितलं नाही?"

नव्हतं सांगितलं. माझे नऊ आकडे झाले त्या दुपारी त्याने घरी येऊन तो पाऊण ताजमहाल, उरलेले पत्रे, पुस्तक, सगळं लाल कापडात बांधलं. तांदूळ आणि हळदकुंकू त्याने स्वतः बहिणीकडे मागून घेतलं. स्कूटरवर वाशीच्या पुलावर जाऊन ते गाठोडं खाडीत टाकलं.

पूल

अविनाश संध्याकाळी आला तेव्हा मी वॉकर धरून दारात उभी होते. मला कुणी न धरता उभं राहिलेलं त्याने कित्येक महिन्यांत पाहिलं नव्हतं. तो खूश होऊन म्हणाला, "अरे वा."

"माळ्यावरून ताजमहाल काढ," मी म्हटलं.

तो मीनाताईंकडे बघू लागला. त्या म्हणाल्या, "माझ्याकडे बघू नकोस. मी वैजूला बाहेरच्या खोलीत ठेव म्हटलं होतं. खाडीत टाक म्हटलं नव्हतं."

मग तो खाली बसला आणि सांगू लागला. पुलाला उंच जाळी आहे, लोकांनी काही टाकू नये म्हणून. गाठोडं त्या जाळीला लागून दोनदा परत रस्त्यावर पडलं. लोक गाड्यांतून बघत होते. तिसऱ्यांदा वरून गेलं.

"म्हणजे तू ते दोनदा उचललंस," मी म्हटलं. "दोनदा तुला ते घरी आणता आलं असतं."



लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण मी त्याला त्या दिवशी सात-आठ वेळा ऐकवली असेल. फलक लावणारा तू. बहिणीला हसणारा तू. माझं औषध आहे म्हणणारा तू. मीनाताईंचा विश्वास होता, त्यांनी तोंडावर सांगितलं, मी नाही म्हटलं, त्या रोज नाराजीने का होईना, त्याच टेबलावरची धूळ पुसत राहिल्या. तुझा तर विश्वासही नव्हता. मग कशाला?

"तू नऊवर थांबलीस," तो म्हणाला. "मला काहीच करता येत नव्हतं. डॉक्टर काही सांगेनात. मला वाटलं, चुकून ताईचं खरं असलं तर. मला वाटलं तू जाणार."

"मग मला सांगायचं. मी घाबरलोय, असं म्हणायचं. मीपण घाबरले होते. तिथे एकटीच आकडे मोजत होते मी."

"तुला काय सांगणार होतो? तू आजारी होतीस."

हेच ते. हाच तो पडद्यापलीकडचा पहिला दिवस. आजारी माणसाला सांगायचं नसतं, त्याच्यासाठी ठरवायचं असतं. माझं शरीर या घरात सगळ्यांनी उचललं, धुतलं, फिरवलं, त्याची तक्रार नाही. पण त्या पत्र्यात माझी दोन महिन्यांची बोटं होती. ती माझी होती आणि मी अजून मेले नव्हते. हे मी त्याला ओरडून सांगितलं. शेजारच्या काकूंनी दार उघडून बघितलं, बघू दे म्हटलं.

मी त्याच्याशी बोलणं टाकलं. कामापुरतंही मीनाताईंमार्फत.

देऊळ

पाच दिवसांनी त्याने एक खोकं आणून माझ्या मांडीवर ठेवलं. तसंच, चपटं. मी उघडलं. देवळाचं मॉडेल होतं. कळस, ध्वज, सगळं.

माझ्या घशातून जो आवाज आला तो हसू होतं की काय, मला सांगता येणार नाही. एवढं झाल्यावरही हा माणूस सुरक्षित इमारत शोधून आला होता. "बदलून आण," मी त्याला म्हटलं. पाच दिवसांतला पहिला शब्द. "ताजमहालच. आणि इथे उशाशी तूच ठेवायचास, आपल्या हाताने."

मीनाताई स्वयंपाकघरातून ऐकत होत्या. त्यांनी काही हरकत घेतली नाही. नंतर मी त्यांना विचारलं, राग आला का. त्या म्हणाल्या, "मला अजून पटत नाही. पण मरायचं असतं तर तू एवढी भांडली नसतीस."

दोन दिवसांनी ताजमहाल आला. अविनाशने तो टेबलावर ठेवला. मी त्याला दिवाही परत आणून लावायला सांगितलं.

दिवाळीला तीन आठवडे उरले होते. मी रोज सकाळी फराळाच्या गोंधळात आणि दुपारी शर्वरीसमोर ते काम केलं. पहिला मिनार चार दिवसांत. दुसरा दोन दिवसांत. संतापाने काम चांगलं होतं असं कुणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका, संतापाने मी दोन जिभा तोडल्या. पण संतापामुळे मी रोज टेबलाशी बसले, तेवढं खरं. पूर्ण झाला तेव्हा मागच्या बाजूची एक कमान किंचित वाकडी राहिली होती. ती अजून तशीच आहे.

खुर्ची

दिवाळीनंतरच्या सोमवारी अविनाशने मला स्कूटरवर पावण्याला सोडलं आणि गेटबाहेर थांबला. मी काठी घेऊन आत गेले. माझी खुर्ची रिकामी होती, तिच्यावर कुणीतरी धूळ बसू नये म्हणून प्लास्टिक घातलं होतं. साहेबांनी एक रद्द झालेला बोर्ड समोर ठेवला आणि दहा तुकडे. "घाई नाही," म्हणाले आणि पाठीशी उभे राहण्याऐवजी केबिनमध्ये गेले. हे त्यांनी फार चांगलं केलं.

बायकांनी आपापली कामं चालू ठेवली. कुणी माझ्याकडे बघितलं नाही, म्हणजे सगळ्या बघत होत्या. पहिला तुकडा चिमट्यातून निसटला. दुसरा बसला, पण सोल्डर जास्त झालं. तिसरा नीट. मनगट टेबलावर टेकवायची जुनी सवय हळूहळू परत आली. दहा टाके मारायला मला चाळीस मिनिटं लागली. पूर्वी पाचही लागली नसती.

बेबीताईंनी बोर्ड भिंगाखाली धरला. एकेक टाका बघितला. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि त्यांच्या तोंडावर काहीच दिसत नव्हतं. त्यांनी लाल पेन्सिलीने चार खुणा केल्या.

"चार बाद. सहा पास." मग बोर्ड खाली ठेवून म्हणाल्या, "सहा चांगलं हायेत. त्यातला एक मी मारला असता तर असाच मारला असता."

साहेबांनी बोर्ड पाहिला, बेबीताईंकडे पाहिलं. "अर्धा दिवस या," म्हणाले. "मोठे तुकडे घ्या सध्या. बारीक काम दोन महिन्यांनी पुन्हा बघू."

अर्धा दिवस. मोठे तुकडे. बावीस वर्षांपूर्वी मी जिथून सुरुवात केली होती तिथेच. मला राग आला आणि त्याच वेळी पाय इतके हलके झाले की खुर्चीवरून उठताना काठी घ्यायची विसरले. बेबीताईंनी ती आणून माझ्या हातात दिली.

गेटबाहेर अविनाश स्कूटरला टेकून उभा होता. दोन तास तो तिथेच होता. 

"दहातले सहा," मी म्हटलं. "अर्धा दिवस बसवतायत."

तो तिथेच, ट्रक जात होते त्या रस्त्यावर, तोंड फिरवून रडायला लागला. मी त्याला रडू दिलं. माझ्याही डोळ्यांत पाणी होतं, पण मी ते त्याला दाखवलं नाही, इतकी मी अजून चिडलेली होते. मग म्हटलं, "पुरे. चालव नीट."

मी मागे बसले, काठी मांडीवर आडवी घेतली आणि त्याचा खांदा धरला. पाचही बोटांनी, घट्ट. स्कूटर वळणावर आली तेव्हा तो जरा आखडला. त्याला दुखत असणार. तरी नेरूळपर्यंत मी पकड सैल केली नाही.